भाग २३ : डोक्यात ओढलेली रापण

(ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत. रेकॉर्डिंगमध्ये मागे पत्र्यावरचा पाऊस वाजतोय, तो इथे ऐकू येणार नाही.)

देवगडातून बोलतोय, माळ्यावरून, नेहमीसारखाच. आज पाऊस एवढा आहे की दोनदा लाइट गेली आणि हा तिसरा प्रयत्न आहे. त्यामुळे थेट विषयावर येतो.

सोनोग्राफी हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या तरी एकच येतं. दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या गरोदर बायका आणि भिंतीवरची पाटी : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. ही पाटी आपण इतक्या वेळा बघितली आहे की आता ती दिसतही नाही. तिच्यामागचा कायदा देशात १९९४ साली झाला, पण त्याच्या सहा वर्षं आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. म्हणजे आपल्याकडे या तंत्राची ओळखच मुळी ‘गैरवापर होऊ शकतो असं मशीन’ अशी झाली. म्हणून मी घरात जेव्हा म्हटलं की आप्पांना अल्ट्रासाउंडची ट्रीटमेंट मिळते का बघूया, तेव्हा आईने हातातली पळी खाली ठेवली आणि विचारलं, “कोणाची सोनोग्राफी? आप्पांची?”

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. वय त्रेसष्ट. आमच्या वाडीत आंब्याची कलमं बांधावीत तर आप्पांनीच, असं होतं. कोय कलम म्हणजे काय ते बागवाल्यांच्या पोरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. पावसाच्या सुरुवातीला आंब्याची बाठ रुजत घालायची, कोवळं तांबूस रोप वर आलं की ते कापून मधोमध चीर द्यायची, हापूसच्या चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. काप एका झटक्यात व्हायला हवा. चाकू दोनदा फिरला की सांधा नीट बसत नाही आणि काडी मरते. आप्पा एका दिवसात दोन-अडीचशे कलमं बांधायचे. आणि त्यांचा हात कापायला लागला.

सुरुवात कधी झाली ते कोणालाच नेमकं सांगता येत नाही. पंचेचाळिशीत असेल. आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. मग त्यांनी कप अर्धाच भरायला सांगितलं. मग लग्नात पंगतीला बसणं बंद केलं, “माका भूक नाय” म्हणून. सकाळी नाक्यावर गेले की कोणीतरी हटकून विचारायचं, “सकाळीच घेवन इलंस काय रे?” आप्पा आयुष्यात दारू प्यायलेले नाहीत. यातली थट्टा अशी की या विकारात थोडी दारू पोटात गेली तर काही जणांचा हात तासाभरासाठी खरोखर शांत होतो. म्हणजे लोक समजतात त्याच्या बरोबर उलट! (हे उपाय म्हणून सांगत नाहीये. उतरली की कंप आणखी वाढतो, आणि त्या नादात माणूस दुसऱ्याच खड्ड्यात जातो.)

मग एकदा बँकेत सही जुळली नाही म्हणून स्लिप परत आली. दुसऱ्यांदा केली, तीही परत आली. मागे रांग होती. त्या दिवशी आप्पा घरी येऊन कोणाशी बोलले नाहीत.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. पार्किन्सन्स. गोळ्या सुरू झाल्या, दोन वर्षं चालल्या, फरक शून्य. शेजाऱ्यांनी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं. हो, तीच खाजकुइली, जी शाळेत एकमेकांच्या शर्टात टाकून आपण मार खाल्लाय. गंमत म्हणजे हा उपाय अगदीच हवेतला नाही. या बियांमध्ये लेव्होडोपा असतं, तेच औषध जे पार्किन्सन्सच्या गोळीत असतं, आणि ते या बियांतून वेगळं काढल्याचं काम १९३७ साली भारतातल्याच दोन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं होतं. पण आप्पांना त्याचाही उपयोग झाला नाही. का? कारण त्यांना पार्किन्सन्स नव्हताच. (आणि ज्यांना आहे, ज्यांची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना न विचारता हे चूर्ण वर घेऊ नये. एकच औषध दुप्पट होतं.)

हा फरक तुम्ही घरबसल्या समजून घ्या, कारण आजी-आजोबा सगळ्यांनाच आहेत. पार्किन्सन्समध्ये हात बहुतेक वेळा स्वस्थ असताना कापतो. माणूस टीव्ही बघतोय, हात मांडीवर आहे आणि बोटं चालली आहेत. शिवाय चाल मंदावते, अंग ताठ होतं, अक्षर बारीक बारीक होत जातं. आप्पांचा हात मांडीवर असताना शांत. पेला उचलला, की सुरू. पेला तोंडाजवळ येईल तसा जास्त. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. मराठीत याला रुळलेला शब्द नाही, आपल्याकडे दोन्हीला कंपवातच म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पासष्टीच्या पुढच्या शंभर माणसांत चार-पाच जणांना हा असतो. पार्किन्सन्सपेक्षा कितीतरी जास्त. मुंबईत डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी कॉलन्यांमध्ये घरोघरी जाऊन १४,०१० माणसं तपासली होती, १९८८ साली ते अभ्यास छापून आले. त्यात पार्किन्सन्सचं प्रमाण लाखाला सुमारे ३२८ निघालं आणि इसेन्शियल ट्रेमरचीही वेगळी मोजदाद केली होती. चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईत या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जात होत्या. आमच्या घरात त्या वेगळ्या व्हायला दोन वर्षं गोळ्या खाव्या लागल्या.

वेगळ्या कशा झाल्या? मेंदूविकारतज्ज्ञांनी आप्पांना एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, यावर गोगलगायीसारखं गोल गोल काढा. मग एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओता म्हणाले. अर्धं टेबलावर गेलं. दहा मिनिटांत निदान झालं. मग औषधं. या विकारावर प्रोप्रॅनोलॉल चांगलं चालतं, पण आप्पांना दमा आहे आणि दम्यात ते देत नाहीत. दुसरं प्रिमिडोन. त्याने आप्पा दिवसभर पेंगायचे, एकदा बागेत कलमाखालीच झोपले आणि सगळा वाडा शोधायला बाहेर पडला.

इथून माझा प्रवेश. मी रात्री मोबाइलवर वाचत होतो आणि मला एक व्हिडिओ सापडला. परदेशातला एक म्हातारा माणूस, डोकं पूर्ण भादरलेलं. आधी काढलेली गोगलगाय म्हणजे भूकंपाचा आलेख. तीन तासांनी त्याच हाताने काढलेली, जवळजवळ स्वच्छ. डोक्याला टाका नाही, भोक नाही. मी तो व्हिडिओ सात-आठ वेळा बघितला असेल.

आता हे होतं कसं, ते सांगतो. जरा वेळ लागेल, पण हा भाग मला सगळ्यात आवडतो.

आपल्याला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याच्या वरचा तो अल्ट्रासाउंड. देवगडच्या बंदरात जे ट्रॉलर उभे असतात, त्यांच्यावर फिशफाइंडर असतो, तो हेच वापरतो. बहुतेक ५० हजार आणि २ लाख हर्ट्झवर. होडीच्या तळातून आवाज खाली जातो, मासळीवर किंवा तळावर आपटून परत येतो आणि स्क्रीनवर रंग दिसतात. दवाखान्यातली सोनोग्राफी म्हणजे हाच फिशफाइंडर, फक्त खूप वरच्या पट्टीतला, वीस लाख हर्ट्झच्या पुढचा. दोन्हीत आपण प्रतिध्वनी ऐकतो. आवाज जातो, बातमी आणतो, कोणाला काही करत नाही.

पण आवाज ही ऊर्जा आहे. ती एका जागी गोळा केली तर ती जागा तापते. प्रश्न गोळा करण्याचा आहे.

रापण बघितली आहे ना? नसेल तर एकदा पहाटे किनाऱ्यावर जाऊन बघा, आता कमी होत चालली आहे. समुद्रात अर्धगोल जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर चाळीस-पन्नास माणसं ओढतात. त्यात म्हातारे असतात, पोरं असतात. एकट्यादुकट्याने ते जाळं हलणार नाही. सगळे एका ठेक्यात ओढतात म्हणून येतं. मेंदूच्या या उपचारात डोक्यावर हेल्मेटसारखं एक मोठं टोप येतं, आणि त्याच्या आतल्या बाजूला आवाज सोडणारी १,०२४ छोटी टोकं असतात. प्रत्येकाचा आवाज इतका क्षीण की वाटेतल्या मेंदूला काही होत नाही. पण सगळे आवाज एका बिंदूवर एकाच क्षणी पोचले, की तिथे, फक्त तिथे, तापमान ५५-६० अंशांवर जातं आणि तेवढी पेशींची वाटाणाभर जागा मरते. खरं तर वाटाण्याहूनही लहान. चार-सहा मिलिमीटर.

रापणीपेक्षा एक गोष्ट अवघड आहे. रापणीत सगळे किनाऱ्यावर एकत्र उभे असतात. इथे प्रत्येकाच्या वाटेत कवटी आहे, आणि कवटी सगळीकडे सारखी जाड नसते. हाडात आवाज पाण्यापेक्षा वेगाने जातो, त्यामुळे जाड हाडातून आलेला आवाज आधी पोचतो, पातळ हाडातून आलेला मागे राहतो, आणि ठेका चुकतो. म्हणून आधी डोक्याचा सीटी स्कॅन काढतात, प्रत्येक टोकासमोर हाड किती आणि कसं आहे ते कॉम्प्युटर मोजतो, आणि कोणी किती आधी निघायचं ते ठरवतो. लग्नाला लांबच्या वाडीवरून येणाऱ्याने आधी निघायचं, तसंच.

कवटीने शास्त्रज्ञांना किती वर्षं रडवलं ते ऐका. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी १९५० च्या दशकातच मेंदूवर एकवटलेला अल्ट्रासाउंड वापरला होता. पार्किन्सन्सच्या रुग्णांवरसुद्धा. पण आवाज आत जावा म्हणून त्यांना कवटीचा तुकडा काढावा लागायचा. मग न कापता करण्याचा फायदा काय राहिला? पुढे बरीच वर्षं हे काम मागे पडलं. १९९० च्या दशकात बॉस्टनमध्ये फेरेन्त्स योलेस आणि कुल्लेर्वो ह्यूनिनेन यांनी एमआरआय आणि अल्ट्रासाउंडची सांगड घातली. एमआरआयमध्ये आतलं तापमान बाहेरून मोजता येतं. मग कुठे आपण कशावर आणि किती तापवतोय ते दिसायला लागलं.

आणि आवाजाची पट्टीही खाली आणावी लागली. हे आपल्याला चांगलं माहीत आहे. शेजारच्या वाडीत रात्री भजन चाललेलं असतं तेव्हा बंद खिडकीतून काय ऐकू येतं? पखवाज. टाळ नाही. खालच्या पट्टीचा आवाज भिंतीतून येतो, वरच्या पट्टीचा भिंतीतच मरतो. म्हणून या टोपातला आवाज साधारण साडेसहा लाख हर्ट्झचा, नेहमीच्या सोनोग्राफीपेक्षा बराच खालचा.

हे सगळं मी आप्पांना पडवीत बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “हात कापता तो माझो, मगे डोक्यात कित्याक शिरतत?”

प्रश्न बरोबर आहे. हातात काहीही बिघडलेलं नसतं. मेंदूच्या मध्यावर थॅलॅमस नावाचा भाग आहे. त्याला मी नांदगावचा तिठा म्हणतो. देवगडहून कुठेही जायचं तर तिथूनच जावं लागतं. हालचालीचे निरोपही लहान मेंदूकडून या तिठ्यावरून पुढे जातात. इसेन्शियल ट्रेमरमध्ये या वाटेवर एक चुकीचा ठेका फिरत राहतो, सेकंदाला चार ते बारा वेळा, आणि हात त्या ठेक्यावर नाचतो. तिठ्यावरचा तेवढा एक कोपरा बंद केला की ठेका तुटतो. बाकीची वाहतूक चालू राहते. हा कोपरा शोधणं हेच कसब, कारण दोन-तीन मिलिमीटर बाजूला गेलात तर हाताची संवेदना किंवा पायाची ताकद जाऊ शकते.

म्हणून पेशंट जागा असतो. डोकं भादरून, चार ठिकाणी भूल देऊन, स्क्रूने एक चौकट बसवतात म्हणजे डोकं हलणार नाही. (टाका नाही म्हटलं तरी हे चार स्क्रू आहेत, व्हिडिओत ते पटकन निघून जातात.) टोप आणि टाळू यांच्यामध्ये थंड पाणी फिरत असतं, नाहीतर कवटीच भाजेल. मग एमआरआयमध्ये आडवं. आधी थोडंसंच तापवतात, पेशी मरणार नाहीत इतकं, दहा-वीस सेकंद. मग विचारतात, हात कसा आहे? ओठ बधिर झाला का? जीभ जड वाटते का? गोगलगाय काढून दाखवा. बरोबर जागा मिळाली असेल तर हात त्याच वेळी जरा शांत होतो. मग जागा पक्की करून पूर्ण तापवतात. काहींना त्या क्षणी गरगरतं, उलटी येते, डोकं ठणकतं. एकूण तीनेक तास.

आता पुरावा. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. जेफ इलियास आणि इतरांचा अभ्यास आला. ७६ रुग्ण. त्यातल्या ५६ जणांना खरा उपचार आणि २० जणांना खोटा. खोटा म्हणजे डोकं भादरलं, चौकट बसवली, मशीनमध्ये घातलं, सगळं केलं, फक्त आवाज सोडला नाही. मला त्या वीस माणसांचं फार वाटतं. (त्यांना नंतर खरा उपचार घेण्याची मुभा होती.) तीन महिन्यांनी खऱ्या उपचारवाल्यांचा हाताचा कंप ४७ टक्क्यांनी कमी झालेला, खोट्यावाल्यांचा जवळपास तेवढाच. म्हणजे मनाचे खेळ नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. २०१८ च्या शेवटी कंप हेच मुख्य लक्षण असलेल्या पार्किन्सन्ससाठीही मिळाली.

पण ४७ टक्के म्हणजे शंभर नाही. त्याच अभ्यासात ३८ टक्के लोकांना बधिरपणा किंवा मुंग्या आल्या आणि ३६ टक्क्यांची चाल डळमळली. वर्षानंतरही ते अनुक्रमे १४ आणि ९ टक्क्यांमध्ये राहिलं. हे व्हिडिओत नव्हतं. काहींचा कंप काही काळाने थोडा परत येतो. आणि जळलं ते जळलं, परत जोडता येत नाही. शिवाय आधी एकाच बाजूचं करतात, उजव्या हातासाठी डाव्या मेंदूचं. दुसऱ्या बाजूला अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, तीही पहिल्यानंतर किमान नऊ महिन्यांनी. पार्किन्सन्समध्ये तर कंप थांबतो, रोग थांबत नाही, तो आपल्या गतीने पुढे जातच राहतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजात ‘एका दिवसात पार्किन्सन्स बरा’ असं लिहिलेलं असतं.

अल्झायमरचाही एक मेसेज फिरतो. त्यात थोडं खरं आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना अशी घट्ट वीण असते की बहुतेक औषधं रक्तातून मेंदूत जातच नाहीत. रक्तात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडून कमी ताकदीचा अल्ट्रासाउंड दिला, की ते बुडबुडे थरथरतात आणि ती वीण काही तासांसाठी सैल होते. जाळणं नाही, फक्त दार किलकिलं करणं. टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात २०१५ मध्ये मेंदूच्या गाठीच्या रुग्णावर हे पहिल्यांदा कवटी न उघडता केलं. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डॉ. अली रेझाई यांच्या गटाने अल्झायमरच्या तीन रुग्णांत असं दार उघडून अ‍ॅड्युकॅनुमॅब हे औषध दिल्याचं छापलं. जिथे आवाज दिला तिथला चिकट थर जास्त कमी झाला. तीन रुग्ण, मोजून तीन. आणि त्याच महिन्यात कंपनीने ते औषधच बंद करत असल्याचं जाहीर केलं! तर आज कोणी अल्झायमरवर हा उपचार विकत असेल तर खिसा सांभाळा.

हे सगळं ऐकून आप्पांनी एक साधा पर्याय सुचवला होता. त्यांचा खांदा धरला होता तेव्हा फिजिओथेरपीवाल्यांनी जेल लावून एक मशीन फिरवलं होतं, तेही अल्ट्रासाउंडच. “खांद्याक लावतत तां मशीन डोक्याक लावून बघूया मां?” नाही, आप्पा. आणि ऐकणाऱ्यांनीही नाही. त्या मशीनला ना १,०२४ टोकं, ना एमआरआय, ना ठेका. तो आवाज कवटीतच अडतो, आणि अडला की हाड तापवतो.

तर आम्ही कामाला लागलो. भारतात ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. कोइम्बतूरच्या रॉयल केअरमध्ये हे यंत्र आलं तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती. आम्ही राज्याबाहेरच्या एका रुग्णालयाला, नाव सांगत नाही, कागद पाठवले. त्यांनी उलट विचारलं, आधी सीटी पाठवा. आप्पांना घेऊन फोंडा घाट चढून कोल्हापूर. सीटी काढली, सीडी पाठवली. उत्तर आलं, काप जाड आहेत, यावरून हाड मोजता येत नाही, एक मिलिमीटरचे हवेत. सेंटरवाल्यांना आधी सांगितलं होतं, चिठ्ठीही दिली होती. कोणाचं चुकलं ते सोडा. पुन्हा घाट, पुन्हा पैसे, आणि आप्पांना घाटात उलट्या होतात.

हे मोजायचं काय असतं, तर कवटीच्या हाडाची घनता. कवटीला बाहेरून आणि आतून घट्ट थर असतो आणि मध्ये सच्छिद्र हाड. त्या दोघांचं गुणोत्तर काढतात. एकच्या जवळ असेल तर हाड एकसारखं, आवाज सरळ जातो. साधारण ०.४ च्या वर असेल तर काम सोपं. त्याच्या खाली गेलं की आवाज भोकाभोकांत विखुरतो, कवटी तापते आणि आत पुरेशी उष्णता पोचत नाही. आपल्याकडचा चिरा बघा. वरून तासलेला घट्ट दिसतो, फोडला की आत भोकंच भोकं. याचा बुद्धीशी, तब्येतीशी, कॅल्शियमशी काही संबंध नाही. ज्याचं त्याचं हाड.

आप्पांचं आलं ०.३२.

डॉक्टर व्हिडिओ कॉलवर नीट बोलले. अशक्य नाही म्हणाले, इतक्या गुणोत्तराच्या माणसांवर उपचार झालेले आहेत, पण तापमान गाठता येईल याची खात्री देत नाही, आणि नाही गाठलं तर तुम्ही खर्च करून, डोकं भादरून तसेच परत जाल. त्यांनी डीबीएस सुचवलं. म्हणजे कवटीला छोटं छिद्र पाडून त्याच तिठ्यावर बारीक तार बसवायची, छातीत कातडीखाली बॅटरी, आणि विजेच्या स्पंदनांनी तो चुकीचा ठेका मोडायचा. फ्रान्समध्ये १९८७ पासून चालू आहे, मुंबई-पुण्यातही होतं. कमी-जास्त करता येतं, बंद करता येतं, दोन्ही बाजूंना बसवता येतं. खर्च मात्र लाखांच्या घरात, आणि बॅटरीही पुढे बदलावी लागते.

मी फोन ठेवला. मला वाटलं होतं आप्पा खचतील. खचलो मीच होतो, कारण व्हिडिओ मी दाखवला होता. आप्पा म्हणाले, “माझ्या डोक्यात चिरो भरलो हा, ह्यां आवशीन पन्नास वर्सांपूर्वीच सांगल्यान.” आणि हसले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भोक पाडूचा नाय माका. निदान ह्या पावसात नाय.”

सध्या असं आहे. प्रिमिडोन अगदी कमी प्रमाणात, फक्त रात्री, पुन्हा सुरू केलंय, त्याने पेंगत नाहीत. कलमाला बसताना कोपर टेबलावर टेकवतात, जड मुठीचा चाकू केलाय. काप अजून ते देतात, सकाळी, हात ताजा असताना. पट्टी माझी चुलतबहीण बांधते. यंदा दीडशे बांधली, किती जगली ते गणपतीपर्यंत कळेल. बँकेत अंगठा द्यायचं ठरलं, दहावी पास माणसाला ते किती लागलं असेल ते मला विचारू नका. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाबद्दल मला श्रोत्यांपैकी दोघांनी कळवलं होतं. आप्पांचा विकार वेगळा, पण ज्यांच्या घरी पार्किन्सन्स आहे त्यांनी त्यांच्याशी किंवा मुंबईच्या पीडीएमडीएस या संस्थेशी जरूर बोला. हात कापणाऱ्या चार माणसांत बसून चहा पिणं ही वेगळीच गोष्ट असते, असं ऐकलंय.

एक सांगायचं राहिलं. हा विकार बऱ्याच घरांत वारशाने येतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी धरतात. हे कळल्यावर मी एका रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना कागद वाटले, खेळ म्हणून. गोगलगाय काढा. आईची ठीक. बहिणीची ठीक. माझी ठीक, जरा तिरकी. बाबांनी काढली, बघितली, कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मी मागितली नाही.

डीबीएससाठी मुंबईची तारीख नोव्हेंबरची घेतली आहे, फक्त भेटीची. आप्पा येतो म्हणालेत, उपचार करून घेतो असं म्हणालेले नाहीत. बाबाही बरोबर येणार आहेत, “आप्पांना सोबत” म्हणून. काय झालं ते सांगेनच. तोपर्यंत तुमच्या घरात कोणाचा हात कापत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, लिहायला लावत नाही. आता लाइट परत जायच्या आत हे अपलोड करतो.